मोटारीचा भाग विमानाला चालेल का?

नांदेडच्या किंवा लातूरच्या मोंढ्याजवळ एखाद्या गॅरेजात तुम्ही कधी तासभर उभे राहिला आहात काय? जीप दुरुस्तीला आलेली असते. मिस्त्री एक जुना डबा उपडा करतो, त्यातल्या पन्नास बोल्टांतून एक उचलतो, लावून पाहतो आणि म्हणतो, “बसला! बसला म्हणजे चालला.” आणि जीप खरोखरच चालू लागते.

एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, जुन्या विमानांचे भाग मिळत नाहीत म्हणतात. मग मोटारीचेच का लावत नाहीत?” वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जुन्या लहान विमानांची निगा राखणाऱ्यांना हाच प्रश्न रोज पडतो.

अशी विमाने आपल्याकडेही उडाली आहेत. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी जे. आर. डी. टाटा वयाच्या ७८ व्या वर्षी ‘लेपर्ड मॉथ’ नावाचे लहान विमान एकट्याने चालवीत कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. त्याच मार्गावरील १९३२ सालच्या त्यांच्या पहिल्या टपाल-उड्डाणाला त्या दिवशी पन्नास वर्षे झाली होती. लेपर्ड मॉथ हे विमान १९३३ सालच्या आराखड्याचे. म्हणजे इतक्या जुन्या यंत्राचा प्रत्येक भाग कुणीतरी धड राखला होता. तसेच आपल्या बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याचे ‘पुष्पक’. ते १९५८ साली प्रथम उडाले आणि देशातील फ्लाइंग क्लबांमधून अनेक वैमानिक त्यावर शिकले. विमान म्हातारे होते, त्याचे भाग बनणे बंद होते. मग काय करायचे?

नाते जुनेच आहे

मोटार आणि लहान विमान ही तशी भावंडेच. १९२५ साली इंग्लंडमध्ये ‘मॉथ’ विमानासाठी जे ‘सिरस’ इंजिन तयार झाले, त्यात पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमान-इंजिनाचे भाग आणि मोटारीचे तयार भाग यांचा मेळ घातलेला होता. त्यामुळे ते स्वस्त पडले. १९२९ साली अमेरिकेत बर्नार्ड पीटनपोल यांनी तर फोर्ड मोटारीचे इंजिनच आपल्या विमानाला बसविले आणि ते उत्तम उडाले. पुढे कित्येक सेसना विमानांत फोर्ड कंपनीचे अल्टरनेटर आले, तर पायपर विमानांत क्रायसलरचे.

तेव्हा ‘मोटारीचा भाग विमानाला कधीच चालत नाही’ हे खरे नाही. पण ‘बसला म्हणजे चालला’ हेही खरे नाही. या दोहोंच्या मध्ये जे आहे ते पदार्थविज्ञान. चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण : इंजिन

पुष्पकचे इंजिन सुमारे ३.३ लिटरचे. मिनिटाला २,४७५ फेऱ्यांना ते ९० अश्वशक्ती देते. मारुती ८०० चे इंजिन जेमतेम ०.८ लिटरचे, पण पाच हजार फेऱ्यांच्या आसपास ते सुमारे ३७ अश्वशक्ती देते. दर लिटरमागे हिशेब करा. मोटारीचे इंजिन सरस ठरते! मग विमानात एवढे थोराड, सुस्त इंजिन कशाला?

उत्तर पंख्यात आहे. समजा, पंख्याचा व्यास १.८ मीटर आहे. एका फेऱ्यात त्याचे टोक सुमारे ५.६५ मीटर अंतर कापते. मिनिटाला २,४७५ फेरे म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २३३ मीटर. हाच पंखा ५,००० फेऱ्यांनी फिरवला तर वेग होईल ४७१ मीटर, म्हणजे ध्वनीच्या ३४० मीटर वेगाहून कितीतरी अधिक! तेथे पंख्याची बरीच शक्ती हवेत धक्कालहरी उठविण्यात वाया जाते. म्हणून इंजिन सावकाश फिरणारे हवे, नाहीतर मध्ये दंतचक्रे घालून वेग उतरवायला हवा. पीटनपोल यांचे फोर्ड इंजिनही ३.३ लिटरचेच होते आणि सावकाश फिरणारे होते. त्यांना यश आले त्यामागचे एक मोठे कारण हे.

दुसरे उदाहरण : ठिणगी

ल्युनासारख्या जुन्या मोपेडमध्ये बॅटरीविना ठिणगी पडत असे, ती मॅग्नेटोमुळे. विमानाच्या इंजिनातही मॅग्नेटोच असतो. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहिले पाहिजे ना! त्यातही दोन स्वतंत्र मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक बंद पडला तरी दुसरा घरी पोचवतो.

प्लग मोटारीचा चालेल का? विमानाच्या प्लगचे आटे सहसा १८ मिलिमीटरचे, मोटारीच्या प्लगचे बहुधा १४ मिलिमीटरचे. मध्ये जोडतुकडा घालून तो बसवता येतो, आणि हौशी लोक घरी बांधलेल्या विमानांत तसे करतातही. परंतु रेडिओ लावलेला असताना शेजारून स्कूटर गेली की खरखर ऐकू येते, ती प्लगच्या ठिणगीची. विमानात वैमानिकाचा रेडिओ ठिणगीपासून हातभर अंतरावर असतो. म्हणून विमानाच्या प्लगला आणि तारेला धातूचे कवच असते. शिवाय ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. विरळ हवेतून विजेला वाट काढणे सोपे जाते. जमिनीवर शिस्तीत वागणारी ठिणगी वर गेल्यावर भलतीकडेच उडी मारू शकते.

तिसरे उदाहरण : बोल्ट

बांधणीच्या तारेचा तुकडा घ्या आणि एकाच जागी मागे-पुढे वाकवीत राहा. एका झटक्यात न तुटणारी तार थोड्या वेळात तुटेल. यालाच धातूचा थकवा म्हणतात. हा थकवा खाच असेल तेथे लवकर सुरू होतो, आणि बोल्टचा प्रत्येक आटा ही एक खाचच असते.

बाजारातल्या साध्या बोल्टला बरेचदा टोकापासून डोक्यापर्यंत आटे असतात. विमानाच्या बोल्टची कांडी जोडाच्या जाडीइतकी गुळगुळीत ठेवलेली असते. आटे जोडाच्या बाहेर येतात. कातरण्याचा जोर गुळगुळीत कांडीवर पडतो, खाचांवर नाही. गंमत अशी की, मोटारीचा उंची बोल्ट नुसत्या ताणात विमानाच्या नेहमीच्या बोल्टपेक्षा अधिक भार सोसू शकतो. म्हणजे प्रश्न ‘किती मजबूत’ एवढाच नाही. ‘कोणत्या जोराला, किती वेळा, कोठे’ असा आहे.

चौथे उदाहरण : पेट्रोल

आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुनी जीप किंवा अँबॅसडर रस्त्यात बंद पडली, की चालक पेट्रोल-पंपावर ओला फडका ठेवून बसत. नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असे. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो, हे तुम्ही शिकला आहात. विमान वर जाते तेव्हा दाब कमीच होतो, आणि तेथे उतरून फडका ठेवता येत नाही!

तरीही १९८२ साली अमेरिकेतील प्रायोगिक विमान संघटनेने सेसना-१५० विमानात मोटारीचे पेट्रोल वापरण्याची मान्यता मिळवली. पण ती दीर्घ चाचण्यांनंतर. पुढे त्यात नवी अडचण आली. आता आपल्या देशात पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. उसाच्या मळीपासूनही होणारे हे इथेनॉल शेतकऱ्याच्या उपयोगाचे खरे. पण ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराच्या नळ्या व वायसर फुगवून बिघडवते. पेट्रोल तेच, नाव तेच. मात्र आतला पदार्थ बदलला.

मग ठरवायचे कोणी?

आपल्याकडे विमानाला लावायचा भाग मान्यताप्राप्त असावा लागतो, त्याचे कागद असावे लागतात आणि काम झाल्यावर परवानाधारक देखभाल अभियंत्याची सही लागते. अमेरिकेत २००९ साली जुन्या लहान विमानांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. मूळ भाग मिळत नसेल, तर दुसरा भाग कोणत्या अटींवर चालेल हे त्यांत सांगितले आहे. सार असे : नवा भाग आकाराने, पदार्थाने आणि कामाने जुन्याच्या बरोबरीचा आहे हे दाखवून द्या. आणि ज्याच्या बिघाडाने विमानच धोक्यात येईल, तेथे ही सवलत मागू नका. आतील दिव्याचे बटण वेगळे आणि पंख धरून ठेवणारा बोल्ट वेगळा.

गॅरेजातला मिस्त्री मुळीच चुकत नाही. त्याचा अंदाज चुकला तर जीप रस्त्याच्या कडेला थांबते, आणि तो दुसरा बोल्ट शोधतो. विमानाला कडेला थांबायला जागा नसते. म्हणून मिस्त्री जी परीक्षा रस्त्यावर घेतो, ती विमानाचा अभियंता जमिनीवर आधीच घेतो.

आता पुढच्या वेळी गॅरेजात ‘बसला’ हा शब्द ऐकाल, तेव्हा मनात तीन प्रश्न विचारा : हा कशाचा बनला आहे? याच्यावर कोणता जोर येणार? आणि हा तुटला तर काय होईल? हे तीन प्रश्न ज्याला सुचतात, तो अभियंता होण्याच्या वाटेला लागला असे खुशाल समजा.