विश्लेषण : रस्ता फाटला, दोष डांबराचा की काळ्या मातीचा?

सोलापूर परिसरात मे महिन्यात डांबरी रस्त्याच्या कडेने लांबच लांब भेग दिसली, की पहिला संशय ठेकेदारावर जातो. तो दरवेळी चुकीचा असतो असे नाही. पण अनेकदा भेगेचे मूळ डांबराखालच्या काळ्या मातीत असते.

ही माती कशी वागते?

दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी येते ती याच मातीने धरलेल्या ओलीवर. रस्त्याला मात्र हा गुण मारक. मध्यभागी डांबराखाली ओल टिकते, कडेची माती उन्हात सुकते. कडा आक्रसून ओढली जाते आणि रस्ता लांबीत फाटतो. पुढे पावसाचे पाणी त्याच भेगेतून आत उतरते, माती मऊ पडते आणि जड वाहनांखाली रस्ता खचतो.

दोष कसा शोधतात?

रस्त्याला आडवा चर खोदून थर पाहतात. चाकोरीत फक्त डांबराचा थर दबून बाजूला सरकला असेल, तर मिश्रणात गडबड. खालचे थरही खचलेले असतील, तर खडीच्या थरात किंवा मातीत. डांबराचे नमुने काढून त्यातील डांबराचे प्रमाण तपासतात ते वेगळेच.

मातीची एक चाचणी अगदी साधी आहे. चाळलेली 10 ग्रॅम सुकी माती एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. दोन्ही नळ्यांतील फरकावरून फुगवटा कळतो. तो 50 टक्क्यांहून जास्त असेल, तर केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांनुसार ती माती भरावाला चालत नाही. दुसरी चाचणी ‘सीबीआर’ची. नमुना चार दिवस पाण्यात भिजवून त्याची ताकद मोजतात. सुक्या मातीवर मोजलेला आकडा उगाच दिलासा देतो.

मग उपाय?

वरची काळी माती काढून चांगला मुरूम भरणे किंवा तिच्यात चुना मिसळणे. दोन्हीला खर्च येतो. म्हणून अंदाजपत्रकात कात्री इथेच लागते. बाजूचे गटार तुंबले, तर मुरमाखालची मातीही भिजते. अशा ठिकाणी वरून नवा थर दिला, तरी जुनी भेग काही हंगामांत त्याच जागी पुन्हा वर येते.