‘थेट शेतातून’ भाजी विकायचीय? आधी हा हिशोब करा

व्हिडिओमध्ये आकडे भरभर गेले, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

“मधला दलाल काढला की शेतकऱ्यालाही परवडतं आणि गिऱ्हाईकालाही.” हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, टोमॅटोसाठी ग्राहकाने दिलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. उरलेल्या पैशांत आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा असतो. माणूस काढता येतो, पण त्याचं काम काढता येत नाही. ते काम आता तुमच्या अंगावर येतं.

कायद्याची अडचण फारशी नाही. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे. शहरांतले शेतकरी आठवडे बाजार त्यानंतरच वाढले. अडचण आहे ती हिशोबाची.

समजा, टोमॅटो ३० रुपये किलोने विकायचाय. शेतकऱ्याला १८, टेम्पो ३, नासाडी ३, पिशवी १ आणि तुम्हाला ५. झाले ३०. पण टेम्पोचे ३ रुपये कधी? भाडं ६०० असेल आणि गाडीत २०० किलो भाजी असेल तेव्हा. १०० किलोच आली तर टेम्पो ६ रुपये पडतो आणि तुमचे ५ चे २ होतात. २०० किलो म्हणजे आठवड्याला ५ किलो घेणारी ४० घरं. म्हणून हा एकट्याचा धंदा नाही, अख्ख्या सोसायटीचा आहे.

माझी चूक सांगतो. मी दुकानातून हेच सुरू केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात जोराचा पाऊस आला, बरीच घरं आलीच नाहीत आणि ३५ किलो माल उरला. मी तो सरळ शेतकऱ्याच्या पैशातून कापला. काका तेव्हा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात टेम्पो आलाच नाही. फोन केला तर म्हणाले, “अहो, आडत्या निदान पट्टी तरी देतो.” मला तोंडच राहिलं नाही. नाव ‘थेट शेतातून’ आणि तोटा मात्र शेतकऱ्याचा! मी फक्त नवा दलाल झालो होतो.

त्यानंतर चार नियम केले:

१. आधी गिऱ्हाईक, मग माल. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे. घरी नसाल तर टोपली शेजाऱ्याला द्या, पण पैसे परत नाहीत.

२. हंगामाचा किमान भाव आधी ठरवायचा. बैठकीत शेतकरी, मी आणि सोसायटीचे दोघं. बाजार पडला तरी त्याखाली जायचं नाही.

३. नासाडी कोणाची, ते कागदावर लिहायचं. गाडी उतरेपर्यंत शेतकऱ्याची, उतरल्यावर आमची. ते ३ रुपये त्यासाठीच आहेत.

४. पट्टी सगळ्यांना. दर आठवड्याचा हिशोब शेतकऱ्यालाही आणि ग्रुपवरही.

पट्टी दिसायला लागल्यावर घासाघीस कमी झाली. शेतकऱ्याला किती जातात हे कळलं की लोक दोन रुपयांसाठी भांडत नाहीत.

कागदपत्रांचं पण बघा. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा आणि अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी. पुढे १० शेतकरी एकत्र आले तर त्यांची शेतकरी उत्पादक कंपनी होऊ शकते. पण कंपनीने सुरुवात करू नका, टोपलीने करा.

या आठवड्याचा गृहपाठ: भाजी बघायला शेतात जाऊ नका. आधी ४० दारं वाजवा आणि आगाऊ पैसे द्यायला किती जण तयार आहेत ते मोजा. तो आकडा हातात आला की मगच शेतकऱ्याला शब्द द्या.