प्रतिपिंडांची कसोटी आणि खान्देशातले मासे

हतनूर किंवा वाघूर धरणात मासे मरून तरंगू लागले की आधी संशय जातो उन्हावर, मग शेतातल्या फवारणीवर. विषाणूचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. त्यात नवल नाही. माशांचे विषाणू ओळखायची रीत जगातच उशिरा बसली.

1960 च्या सुमारास अमेरिकेत ट्राउट माशांची पिल्लं मारणारा ‘आयपीएनव्ही’ हा विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवता आला. मग प्रश्न आला : युरोपातला विषाणू हाच की निराळा? रीत अशी : ओळखीच्या विषाणूविरुद्ध सशाच्या शरीरात तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तपासायच्या विषाणूत मिसळून ते मिश्रण पेशींवर सोडायचं. पेशी तगल्या तर ओळख पटली. मेल्या तर विषाणूचा प्रकार दुसरा. 1971 मध्ये डेन्मार्कमध्ये असे दोन प्रकार वेगळे निघाले, 1995 पर्यंत मुख्य गटातच नऊ झाले. काम किचकट, पण विषाणूंची वर्गवारी उभी राहिली ती यावरच.

आपल्याकडे निकड भासली कोळंबीमुळे. 1994 पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं तळीच्या तळी बसवली. कोळंबी स्वतः प्रतिपिंडं बनवतच नाही, म्हणून तिच्या रक्तात ती शोधण्यात अर्थ नव्हता. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयानं उंदरांपासून मिळवलेल्या एकजिनसी प्रतिपिंडांवर तळ्याकाठी करता येईल अशी ठिपक्याची चाचणी बनवली. तिचा शोधनिबंध 2008 चा. माझ्या मते या क्षेत्रातलं आपल्याकडचं सर्वांत शेतकरीधार्जिणं काम हेच.

तोवर पीसीआर ही जनुकांवरची चाचणी आली आणि सरकारी निदान जनुकांकडे वळलं. 2018 मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळातून चिलापीच्या, म्हणजे तिलापियाच्या, विषाणूची नोंद झाली तीही त्याच वाटेनं. खान्देशाला हा बदल एका परीनं सोयीचा आहे. जळगावहून मुंबईच्या वर्सोव्यातली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था चारशे किलोमीटरांहून लांब. पेशींवरच्या कसोटीला जिवंत विषाणू लागतो आणि मे महिन्यात बर्फ तिथवर टिकत नाही. पीसीआरचा नमुना मात्र स्पिरिटमध्ये जातो. तरी कटला, रोहू, चिलापीसाठी तळ्याकाठी वापरता येईल अशी स्वस्त चाचणी-पट्टी भोई बांधवांच्या हाती पडलेली नाही, आणि ही उणीव पीसीआरनं भरून निघणार नाही.

तोपर्यंत मच्छीमार संस्थांनी एवढं करावं : नमुन्यासाठी कुजलेला मासा घेऊ नये. धापा टाकणारा मासा धरून त्याचे कल्ले, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे स्पिरिटच्या बाटलीत घालावेत, वर तारीख आणि तलावाचं नाव लिहावं, आणि बाटली त्याच दिवशी जळगाव किंवा धुळ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात पोहोचवावी.