'हम दोनो' : मुंबईची गिटार, जमैकाचा सॅक्सोफोन

'हम दोनो' ही १९६९ सालची लंडनची जाझ एलपी. नावातले दोघे म्हणजे मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा आणि जमैकाचे आल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. हॅरियट यांनी त्याआधी, १९६६ मध्ये, कोलकात्याचे जॉन मेयर यांच्यासोबत 'इंडो-जाझ स्वीट' केली होती. तिच्यात सतार होती आणि तबल्यावर केशव साठे. 'हम दोनो'मध्ये मात्र सतारही नाही, तबलाही नाही. सगळा भारतीय रंग गिटारच्या सुरावटीतून येतो, आणि तोच जास्त मुरलेला वाटतो. सोबत ट्रम्पेटवर इयन कार, तर नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांविना गाणारा आवाज. 'जयपूर' आणि 'बॅलड फॉर गोवा' या रचना आवर्जून ऐकाव्यात अशा. हॅरियट १९७३ मध्ये गेले, डिसिल्वा १९९६ मध्ये.