ओरखडलेल्या सीडीवरील घरगुती इलाज

निजाम सरकारने १९२० साली इटलीहून पाचारण केलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांनी, फर्दापूरनजीकच्या अजिंठा लेण्यांतील चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण चढविले, परंतु तेच कालांतराने पिवळे पडून चित्रांना बाधक ठरले; घरातील लग्नसमारंभाच्या सीडीवर ओरखडे पडले असता, उपाय योजण्यापूर्वी हा दाखला ध्यानी घ्यावा.

सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या सीडीत मजकूर छापील बाजूलगतच्या धातूच्या पातळ थरापाशी नोंदलेला असतो. खालचे पारदर्शक पॉलिकार्बोनेट हे केवळ त्याचे कवच होय. कवचावरील ओरखडा लेसरचा किरण भलतीकडे वळवितो, म्हणून यंत्र अडखळते, मजकूर मात्र शाबूत असतो. पांढऱ्या टूथपेस्टमधील सूक्ष्म कण ओरखड्याच्या कडा झिजवून किरणाला वाट मोकळी करतात.

सीडी धुऊन, मऊ सुती फडक्याने पेस्ट मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत हलकेच चोळावी. वर्तुळाकार चोळू नये, कारण मजकूर सर्पिल मार्गाने लिहिलेला असल्यामुळे आडव्या बारीक चऱ्याने झालेली हानी यंत्रातील दोषनिवारक पद्धती भरून काढते, मार्गाच्या दिशेने लांबलेला चरा मात्र तिच्या आवाक्याबाहेर जातो. अ‍ॅसिटोन सर्वस्वी वर्ज्य समजावे, कारण त्याने पॉलिकार्बोनेट धुरकट होऊन तडकते. छापील बाजूचा ओरखडा धातूपर्यंत पोचला असल्यास कोणताही घरगुती इलाज चालत नाही. सीडी चालू लागताच तिची नक्कल संगणकावर तत्काळ उतरवून ठेवावी, हीच खरी खबरदारी होय.