विश्लेषण : अल्सर बरा होऊनही पुन्हा का उलटतो?

पोटात अल्सर झाला की पथ्य, थंड दूध आणि ॲसिडिटीची गोळी, एवढ्यावरच अनेक घरांत उपचार थांबतो. दुखणे थांबते, काही महिन्यांनी पुन्हा सुरू होते. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू जठरात शिल्लक असेल, तर याचे नवल नाही.

जिवाणूचा संबंध कसा कळला?

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये रुग्णांच्या जठरातील नमुन्यांतून हा जिवाणू वाढवून दाखवला. जठरातील आम्लात जिवाणू तगणार नाही, तणाव आणि तिखट खाण्यानेच अल्सर होतो, अशी तेव्हा पक्की समजूत होती. अखेर १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतःच प्यायले आणि त्यांना जठरदाह झाला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. अर्थात प्रत्येक अल्सर जिवाणूमुळे होत नाही. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हेही मोठे कारण आहे. म्हणूनच आधी तपासणी, मग प्रतिजैविके.

इतक्या गोळ्या कशासाठी?

हा जिवाणू अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि जठराच्या चिकट अस्तरात दडून बसतो. तिथे एकटे प्रतिजैविक पुरे पडत नाही. आम्ल कमी झाले, की अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी औषधे अधिक प्रभावी ठरतात. म्हणून ओमेप्राझोलसारखी गोळी सोबत असते. ही तिहेरी पद्धत अनेक वर्षे चालली. मात्र क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जिवाणू वाढले. मेट्रोनिडॅझोलचीही तीच गत. आपल्याकडे जुलाब-आमांशावर ते सर्रास घेतले जाते. त्यामुळे आता आम्लरोधक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल अशा चौहेरी उपचाराला पसंती मिळते. अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये पहिल्या उपचारासाठी याच चौघांचा १४ दिवसांचा कोर्स सुचवला.

कोर्स अर्धवट का राहतो?

दिवसाला डझनभर गोळ्या, तोंडाला धातूसारखी चव, मळमळ. त्यात चौथ्या-पाचव्या दिवशी पोट शांत झालेले असते, मग गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात. उरलेले चिवट जिवाणू पुन्हा वाढतात आणि तेच औषध दुसऱ्यांदा चालेलच असे नाही. बिस्मथमुळे शौच काळी होते, त्याला घाबरून औषध सोडू नये. पण ती डांबरासारखी चिकट असेल किंवा चक्कर येत असेल, तर रक्तस्रावाची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

जिवाणू गेला हे कसे कळते?

दुखणे थांबले म्हणजे जिवाणू गेला असे नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचाची प्रतिजन चाचणी करतात. त्याआधी दोन आठवडे आम्लरोधक गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, अन्यथा जिवाणू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी येथे उपयोगाची नाही. जिवाणू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते.