पेट्रोलमधलं शिसं कुठे गेलं?

पेट्रोलच्या गाडीखाली, धुराच्या नळीत एक डबा असतो. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं आणि त्यांवर प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचा पातळ थर. या थरावर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. धातू मात्र संपत नाही!

पूर्वी इंजिन ठकठक करू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. ते थराला चिकटून बसायचं आणि डबा निकामी व्हायचा. शिसं मुलांच्या मेंदूलाही घातक. अमेरिकेत १९७५पासून बहुतेक नव्या गाड्यांत हा डबा आला, आणि त्यांना बिनशिशाचंच पेट्रोल लागायचं. चुकून दुसरं भरू नये म्हणून टाकीचं तोंडच अरुंद केलं. शिशाच्या पेट्रोलची जाड नळी त्यात जायचीच नाही. किती साधी युक्ती! भारतभर बिनशिशाचं पेट्रोल २००० साली आलं.